धसका

‘सकाळी आठचं’ म्हणजे आठचंच, हे वाक्य मी आमच्या लॅबच्या खिडकीतून आठवड्यातून तीन-चारदा तरी म्हणते. पारोळा, एरंडोल, चोपडा, कुठून कुठून पहिल्या एसटीने निघालेला माणूस दहाच्या सुमाराला जळगावात पोचतो. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, पोटात चहाचा घोटही नाही. चिठ्ठीवर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, लिहिलेलं दिसलं की मला सांगावं लागतं, काका, आज रक्त देऊन उपयोग नाही, रात्री कुणाकडे तरी मुक्काम करा आणि उद्या आठला या. त्यांचा चेहरा उतरतो. मला वाईट वाटतं, पण दहाचं रक्त आठच्या पट्टीने मोजलं तर तो आकडा खोटं बोलतो.

कारण हे संप्रेरक घड्याळ पाळतं. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. आमच्या कागदावर सकाळच्या नमुन्यासाठी 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर अशी पट्टी छापलेली असते; संध्याकाळी त्याच माणसाचं बरंच खाली आलेलं असतं. सुई बघून घाबरलेल्याचं वाढतं. रात्रपाळी करणाऱ्याचं वेळापत्रकच उलटं झालेलं असतं. आणि आमच्या भागात आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय मी दंडाला पट्टा बांधत नाही: गुडघ्यांसाठी, दम्यासाठी, अंग दुखतं म्हणून कुठल्या पुड्या-गोळ्या घेता का? डेक्सामेथासोनच्या बारीक गोळ्या खेड्यापाड्यांत चिठ्ठीशिवायही मिळतात, आणि खाणाऱ्याला आपण काय खातोय हे ठाऊक नसतं. बाहेरून असलं स्टेरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. मग कॉर्टिसॉल जमिनीला टेकलेलं दिसतं आणि ग्रंथीच निकामी झाली की काय अशी शंका येते.

हे सगळं मला पाठ होतं. पण या एका आकड्याकडे मी नीट पाहिलं ते माझ्या मायचं रक्त घेतलं तेव्हा.

माय गेल्या वर्षी फार थकली होती. वजन उतरलं होतं, उठताना चक्कर यायची, रक्तदाब खालच्या बाजूला. तपासण्या करता करता डॉक्टरांनी कॉर्टिसॉलही लिहिलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर चार-पाच ग्रॅमच्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्या कमी काम करू लागल्या तर असंच होतं. मी तिला पावणेआठला लॅबमध्ये आणून बसवलं. तिच्या हाताची शीर मला डोळे मिटूनही सापडेल, तरी त्या दिवशी माझाच हात थोडा थरथरला. आकडा आला 6.4. पट्टीच्या आत, पण उंबरठ्यावर बसल्यासारखा. डॉक्टरांनी शंका ठेवली नाही. ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि एका तासाने पुन्हा रक्त घेतलं. ग्रंथीने हाक ऐकली, आकडा भराभर वर गेला. ग्रंथी ठणठणीत. थकव्याचं कारण हिमोग्लोबिनमध्ये सापडलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत तिच्या गालांवर थोडा रंग आला.

त्या दिवशी रिक्षात मी तिला म्हटलं, “माय, रिपोर्ट नॉर्मल आहे.” तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही ताणाची तपासणी असते. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “मंग माले काहीच नही व्हयेल शे?”

मग मला काहीच झालेलं नाही का? मी हो म्हणाले. आनंदाने म्हणाले. तिच्या आवाजात आनंद नव्हता हे मला आमची गल्ली आल्यावर जाणवलं.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं, पारोळा तालुक्यातलं. धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, आणि दसऱ्यानंतर त्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, सगळा माजघरात रचायचा. भाव येईपर्यंत आणि गाडी भरून निघेपर्यंत तो घरातच. खान्देशात वाढलेल्या कुणालाही ते घर आठवेल: कापसाच्या ढिगाला पाठ लावून अभ्यास, अंगाला सुटणारी खाज, केसांत अडकलेला बोंडाचा चुरा. आणि जानेवारीच्या थंडीत लेकरांची एकच हौस, कापसात झोपायचं. गोधडी लागत नाही इतकी ऊब.

जानेवारी 1986. तेव्हा राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे, आणि गाड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस हलत नसत. बाबा बैलगाडी घेऊन अशाच एका रांगेत रात्र काढत होते. घरात आजी, माय आणि माझी ताई. ताई तीन वर्षांची. माय सात महिन्यांची पोटुशी, पोटात मी. वीज गेलेली, चिमणी लावलेली. ठिणगी कधी उडाली, चिमणीची होती की चुलीतली, हे कुणालाच कळलं नाही. कापूस पेटतो तो भडकून पेटत नाही. ठिणगी आत शिरते आणि आतल्या आत घर करते, तासन् तास. वरून हात फिरवला तर ढीग नेहमीसारखाच मऊ लागतो. मध्यरात्रीनंतर केव्हातरी ज्वाळा वर आली तोवर माजघर धुराने भरलेलं होतं. गल्ली धावली, माती टाकली, बादल्या ओतल्या. मायला आणि आजीला बाहेर ओढून काढलं. ताई कापसात झोपलेली होती.

मी आता चाळिशीची झाले. माझी मोठी बहीण अजून तीन वर्षांची आहे.

गावात मायबद्दल एकच शब्द वापरतात, तिने धसका घेतला. थोडी वडीलधारी माणसं म्हणतात, हाय खाल्ली. या दोन क्रियापदांवर मी अलीकडे फार विचार करते. धसका बसतो, तसा तो घेतातही. हाय तर खाल्लीच जाते. म्हणजे जी गोष्ट बाहेर घडली ती आत गेली, पोटात उतरली, अंगाची झाली, असं आपल्या भाषेला कधीचं माहीत आहे. मीठ-मोहरी उतरवून झाली, भगताकडचा अंगारा झाला, कानबाईला साकडं झालं. धसका गेला नाही. माय हसायची, कामं करायची, आखाजीला माझ्यासाठी झोका बांधायची, माझ्या लग्नात नाचलीसुद्धा. पण माझ्या आठवणीत अशी एकही रात्र नाही की ती एकदा तरी उठून बसली नाही. अंधारात तिचा आवाज यायचा, “जळाना वास ई ऱ्हायना का व?” जळाल्याचा वास येतोय का गं? आणि मी कूस बदलत म्हणायची, “काही नही माय, जपी जा.” काही नाही, झोप.

तिचा रिपोर्ट हातात आल्यावर मी जे वाचत सुटले त्याचं मूळ त्या रिक्षातल्या प्रश्नात होतं. माझी भाबडी समजूत अशी, की ज्याने इतकं सोसलं त्याचं ताणाचं संप्रेरक कायम चढलेलं असणार. शास्त्रज्ञांचीही सुरुवातीला अपेक्षा तशीच होती. आघातानंतर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या त्रासाला अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा मिळाली 1980 साली. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक झोपेत किंचाळत होते, त्यांच्यामुळे. मग जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सैनिकांची लघवी चोवीस-चोवीस तास साठवून तिच्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. मोजणीची ही पद्धत मला आवडते, कारण तिच्यात दिवसभराचे चढउतार एकत्र येतात, एका क्षणावर भिस्त राहत नाही. निष्कर्ष उलटा आला. या माणसांचं कॉर्टिसॉल वाढलेलं नव्हतं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी ताडून पाहिलं तर चक्क कमी होतं. हा शोधनिबंध छापला गेला 1986 साली. ज्या वर्षी आमचं माजघर जळालं, ज्या वर्षी मी जन्मले, त्याच वर्षी. योगायोगच तो, पण ते वर्ष वाचून मी खुर्चीतून उठले आणि लॅबच्या मागच्या जिन्यावर जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

पुढे रेचल येहूदा यांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू लोकांवर हेच काम केलं. 1995 साली त्यांनी मांडलं की ज्यांना अजूनही आघाताचा त्रास होता, त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल कमी भरतं. छावण्या उघडल्याला तेव्हा 50 वर्षं झाली होती. पन्नास वर्षं! देश बदलला, भाषा बदलली, नातवंडं झाली, आणि चोवीस तासांच्या बाटलीत ते अजून होतं.

कमी का असावं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला माझ्या कामातल्या गोळीमुळे चटकन कळलं. तीच डेक्सामेथासोन. रात्री तिचा छोटा डोस दिला की मेंदूला वाटतं, रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल आहे, आणि तो ग्रंथीला थांब म्हणतो. सकाळी मोजलं की आकडा उतरलेला. आमची यंत्रं डेक्सामेथासोनला कॉर्टिसॉल समजत नाहीत, म्हणून ही परीक्षा करता येते. आघात भोगलेल्या अनेकांमध्ये फार थोड्या गोळीनेही आकडा नको इतका खाली गेला. म्हणजे ग्रंथी थकलेली नाही, मेंदूचा लगामच फार हलका झालाय. जरासं ओढलं की घोडा थबकतो. आणि कॉर्टिसॉलचं एक काम असंही असतं की धोका टळल्यावर अंगातली आरोळी शांत करायची. अॅड्रेनालिन काही सेकंदांत छाती धडधडवतं. कॉर्टिसॉल मागून सावकाश येतं, वीस-तीस मिनिटांत शिगेला पोचतं आणि हळूहळू सगळ्यांना घरी पाठवतं. ते अपुरं पडलं तर आरोळी अंगात घुमत राहते. मग कित्येक वर्षांनी, बंद गॅसच्या स्वयंपाकघरातही.

इथे मला स्वतःला आवर घालावा लागला. मी लॅबमधली बाई आहे, एका आकड्यावर गोष्ट रचणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. 6.4 हा आकडा ताईच्या जाण्याचा आहे असं मी म्हणू शकत नाही. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे एकसारखं निघालं नाही. 2007 साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा आघातग्रस्त आणि इतर यांच्यात सरसकट फरक दिसला नाही, स्त्रियांच्या गटात मात्र कॉर्टिसॉल कमी दिसलं. शिवाय आधी काय आणि मागून काय हाही प्रश्न आहे. काही अभ्यासांत असंही आढळलं की अपघातानंतर लगेचच ज्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं त्यांनाच पुढे जास्त त्रास झाला, म्हणजे उतार कदाचित आधीपासूनचा. हे फरक शेकडो माणसांच्या सरासरीत दिसतात. एका माणसाच्या एका सकाळच्या नळीत त्याचं दुःख वाचता येत नाही.

पण मग तीच गोष्ट उलटीही खरी नाही का? एका सकाळच्या नळीत दुःख दिसलं नाही, म्हणून ते नव्हतंच असंही म्हणता येत नाही. ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की ग्रंथी बंद पडलेली नाही. तो शब्द मी रोज पन्नास कागदांवर छापलेला बघते, आणि खिडकीपलीकडची बाई तो कागद घेऊन सासूसमोर उभी राहते तेव्हा त्याचा अर्थ होतो, नाटकं करते. मला याचा राग येतो. कागदाचा नाही, कागदाच्या त्या वाचनाचा. आणि तसं वाचन मीही केलं होतं, रिक्षात बसून, स्वतःच्या आईसमोर.

एक अभ्यास मात्र मी आजही पूर्ण शांतपणे वाचू शकत नाही. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा त्या परिसरात असलेल्या गरोदर स्त्रियांचा येहूदा आणि सहकाऱ्यांनी माग ठेवला. बाळं वर्षाची झाल्यावर आयांची आणि बाळांची लाळ तपासली. लाळेचं बरं असतं, सुई नाही, भीती नाही, घरच्या घरी कापूस चघळून नळीत टाकायचा. हो, कापूसच. 38 आया होत्या. ज्यांना आघाताचा त्रास जडला होता त्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं, आणि त्यांच्या वर्षाच्या लेकरांचंही. ज्यांना शेवटच्या तीन महिन्यांत ते बघावं लागलं त्यांच्या बाळांत हा परिणाम जास्त ठळक होता.

माय सात महिन्यांची होती.

मलाही वास येतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासरी, प्रवासात, एकदा तर सिनेमागृहात. छातीत धस्स होतं, मग कळतं की शेजारच्या माणसाच्या शर्टाला इस्त्रीचा वास आहे. मी ती आग पाहिलेली नाही. मग हे मला तिच्या रक्तातून आलं, नाळेतून, की आठ-दहा वर्षं तिच्या कुशीत झोपून, दर रात्री तोच प्रश्न ऐकून आलं? एखादी नळी हे वेगळं करून दाखवील असं मला वाटत नाही. माझं सकाळी आठचं कॉर्टिसॉल मी मोजलेलं नाही. मशीन माझ्यापासून सहा पावलांवर आहे.

आघाताचा माग काढायची आणखी एक रीत आहे, केसांची. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्याचं कॉर्टिसॉल स्वतःत साठवतो. टाळूजवळून कापलेली बारीक बट म्हणजे मागच्या तीन महिन्यांचा रोजमेळ. त्याहून फार मागे जाता येत नाही, कारण धुण्याने आणि उन्हाने ते झिजत जातं. हे वाचलं त्या रविवारी मी मायच्या डोक्याला तेल लावत होते. तिची वेणी अजूनही कमरेच्या वर दोन बोटं थांबते. गळालेले केस ती एका पिशवीत साठवते, केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देते. गेल्या दिवाळीत एक स्टीलची वाटी आली. मी मनातल्या मनात मोजत होते, इथे मार्च, इथे डिसेंबर, इथे बाबा गेले ते वर्ष. 1986 या वेणीत कुठेच नव्हतं. ते केव्हाच वाटीच्या मोलाने गेलं.

तेल मुरवता मुरवता मी तिला म्हटलं, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. रिपोर्ट तुझ्या ग्रंथी ठीक आहेत असं सांगतो. तुला काही झालं नाही असं तो सांगत नाही, ते त्याला कळतच नाही.

ती गप्प राहिली. मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मग पाठमोरीच बोलू लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कापूस जळतो तेव्हा आधी धूर दिसत नाही, म्हणाली. “पहिले वास येस.” जुनं फडकं तव्याला लागल्यावर येतो तसा, गोडसर. त्या रात्री दिवेलागणीनंतर तो वास तिला आला होता. ती उठली होती. चिमणी घेऊन माजघराच्या दारापर्यंत गेली होती. ढीग पांढराशुभ्र, ताई झोपलेली.

“मी तवय बी सांगेल व्हतं,” माय म्हणाली. “तुनी आजी बोलनी, काही नही, जपी जा.”

आजीचा दोष नव्हता. दिवसभराच्या वेचणीने मोडलेली म्हातारी, तिला वास आला नसेल. त्यानंतर आजीही फार वर्षं जगली नाही, आणि दोघींनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण माझे तेलाचे हात तिच्या केसांत तसेच थांबले. अख्खं बालपण, दर रात्री, अर्धवट झोपेत मी तिला नेमके तेच शब्द म्हणत आले होते. रिक्षात रिपोर्ट हातात धरून म्हटले ते तर शिक्का मारून.

बाबा गेल्यापासून माय आमच्याकडे जळगावातच असते. परवा रात्री दोन-अडीचला तिचा आवाज आला, तोच प्रश्न. मी दिवा लावला. स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघितलं, रेग्युलेटर हाताने फिरवून पाहिला. देवघरातलं निरांजन विझलेलं होतं, वातीला बोट लावून पाहिलं, गार. इन्व्हर्टरवर हात ठेवला. मुलांच्या खोलीत गेले, दोघांच्या अंगावरची पांघरुणं हुंगली. परत येऊन तिच्या खाटेवर बसले आणि एकेक करून तिला सगळं सांगितलं, कुठे गेले, काय पाहिलं.

ती ऐकत होती, लहान मूल ऐकतं तशी, प्रत्येक नावाला मान हलवत.

“मांगलं दार दखं का?”

मागचं दार राहिलं होतं. मी पुन्हा उठले.